बुर्या वाऱ्याच्या वाटेने: स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाची चौदा दिवसांची खाद्ययात्रा

स्लोव्हेनियाच्या क्रास पठारावर एखाद्या फाट्याला आयव्हीच्या हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगलेला दिसला आणि त्याखाली लाकडी बाण असला, की बिनदिक्कत गाडी वळवावी. बाणाच्या टोकाला एखाद्या शेतकऱ्याचं घर असतं. अंगणात लांब बाकडी मांडलेली असतात, आणि त्या घरात केलेली वाइन, मुरवलेलं मांस, चीज, उकडलेली अंडी आणि पाव एवढंच तिथे मिळतं. याला ओस्मित्सा म्हणतात. ‘ओसेम’ म्हणजे आठ. हॅब्सबर्ग सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली शेतकऱ्यांना घरचा माल घरातच विकायची मुभा दिली. तेव्हा मुदत आठ दिवसांची होती, म्हणून हे नाव. आता दिवस थोडे वाढलेत, पण प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते. पाळी संपली की फांदी उतरते.

मी हा प्रवास दोनदा केला. पहिल्यांदा मित्रांबरोबर, दुसऱ्यांदा आईला घेऊन, आणि आई पूर्ण शाकाहारी. दोन्ही वेळा एकच गोष्ट पटली: इथला पदार्थ जिथे होतो तिथेच, त्याच वाऱ्यात बसून खायचा. ईशान्येकडून सुटणारा कोरडा, गार वारा, ज्याला स्लोव्हेनियात बुर्या आणि क्रोएशियात बुरा म्हणतात, तो क्रासमध्ये मांस वाळवतो आणि पाग बेटावर गवताला समुद्राचं मीठ लावतो. तो ओळखीचा झाला की नकाशा आपोआप उलगडतो. सात दिवसांत ब्लेड, प्लित्वित्से आणि दुब्रोव्निक उरकणाऱ्या सहलीत यातलं जवळजवळ काहीच हाती लागत नाही. त्यामुळे चौदा रात्री काढा. तेवढ्या जमत नसतील तर बेटं गाळा, पण जेवणांची घाई करू नका.

आधी महिना ठरवा

माझं मत ठाम आहे: सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस. द्राक्षांची तोडणी चालू असते, अंजिरं पिकलेली असतात, क्रोएशियाच्या इस्त्रिया भागात पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक बुरशीच्या गाठींचा, हंगाम नुकताच उघडलेला असतो आणि समुद्र अजून कोमट असतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर बेटांवरची खानावळघरं एकेक करून बंद व्हायला लागतात आणि फेरीबोटीच्या फेऱ्या कमी होतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. वसंतातही मजा आहे. तेव्हा इस्त्रियात रानटी शतावरीचे कोवळे कोंब अंड्यात परतून देतात, त्याला फ्रिताया म्हणतात. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या दिवशी रसाची वाइन झाली असं मानून स्लोव्हेनियाभर सण साजरा होतो. मात्र तेव्हा गेलात तर बेटं सोडून द्यावी लागतील.

व्हिसा, गाडी आणि पिण्याचा हिशेब

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि त्याच दिवशी तिथे युरोही आला. त्यामुळे दोन्ही देशांना एक व्हिसा आणि एक चलन पुरतं. ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. खालच्या आराखड्यात स्लोव्हेनियाच्या सहा आणि क्रोएशियाच्या आठ रात्री आहेत, म्हणजे अर्ज क्रोएशियाकडे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस ही शेवटची मर्यादा आहे, तिच्या भरवशावर राहू नका. शेंगेन असलं तरी स्लोव्हेनियाने २०२३ च्या ऑक्टोबरपासून सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवा.

गाडीशिवाय ही यात्रा होत नाही, कारण चांगल्या जागा खेड्यांत आहेत. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर भाड्यावर मोठा आकार पडतो. म्हणून दोन गाड्या करा: पहिली ल्युब्ल्यानात घेऊन ल्युब्ल्यानातच परत, मग आगगाडीने झाग्रेब, आणि तिथून दुसरी गाडी घेऊन ती दुब्रोव्निकला सोडायची. स्लोव्हेनियाच्या महामार्गासाठी ई-विन्येता, म्हणजे टोलचा ऑनलाइन पास, लागते, ती भाड्याच्या गाडीवर आहे का ते घेतानाच विचारा. क्रोएशियात नाक्यावर टोल भरायचा.

आता वाइनचं. दोन्ही देशांत चालकाच्या रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, आणि नवख्या किंवा कोवळ्या वयाच्या चालकांना तीही नाही. खेड्यात टॅक्सी मिळत नाही. म्हणून रोज एक जण न पिणारा ठरवा, किंवा सरळ वाइनवाल्याच्याच घरी मुक्काम करा. स्लोव्हेनियाच्या बर्दा आणि क्रोएशियाच्या पेल्येशात्स भागात अशा खोल्या भरपूर आहेत. चाखून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

ल्युब्ल्याना: दोन रात्री

पहिल्या सकाळी मध्यवर्ती बाजारात जा. नदीकाठची खांबांची लांब ओवरी वास्तुकार योझे प्लेचनिक यांनी आखली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बांधली गेली. तुमचा मुक्काम शुक्रवारी पडेल असं बघा. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसेल तर, दर शुक्रवारी बाजाराच्या चौकात ‘ओद्प्रता कुह्ना’ म्हणजे उघडं स्वयंपाकघर भरतं. देशभरातले स्वयंपाकी तिथे ताटल्या लावतात. एका दुपारी दहा गोष्टी चाखता येतात, आणि पुढच्या बारा दिवसांत काय शोधायचं हे तिथेच कळतं.

इथे तीन गोष्टी खा. पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण पसरून गुंडाळलेला गोड पाव. श्त्रुक्ली, म्हणजे पीठ लाटून, आत ताजं चीज किंवा टॅरागॉनचा पाला भरून उकडलेली वळकटी. आणि कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी. कुट्टूचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट झालं की काट्याने फोडून मोकळं करतात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “ही तर मोकळी केलेली उकडच.”

दुपारी ‘मालित्सा’ विचारा. कामावरच्या लोकांसाठी केलेलं ठरावीक, स्वस्त जेवण म्हणजे मालित्सा. झाग्रेबमध्ये त्यालाच गाब्लेत्स म्हणतात, किनाऱ्यावर मारेंडा. हे तीन शब्द पाठ असले की रोजचं एक जेवण कमी पैशांत आणि स्थानिक चवीचं होतं.

बर्दा आणि विपावा: दोन रात्री

गोरिश्का बर्दा ही इटलीच्या सीमेला टेकलेली टेकड्यांची ओळ. द्राक्षाच्या रांगा सीमा ओलांडून तशाच पलीकडे जातात. इथली रेबुला तिकडे रिबोल्ला होते. श्मार्त्नो या तटबंदीच्या गावात किंवा त्याच्या आसपास राहा आणि वाइनघरांना आठवडाभर आधी ईमेल करा. ही कुटुंबांची घरं आहेत, तोडणीच्या दिवसांत न सांगता गेलं तर दार उघडायलाही कुणी रिकामं नसतं.

इथे केशरी वाइन चाखायचीच. नारिंगाशी तिचा काही संबंध नाही. पांढऱ्या द्राक्षांचा रस एरवी साली लगेच बाजूला काढून आंबवतात. इथे तो सालींसकट काही दिवस, काही ठिकाणी महिनेन् महिने ठेवतात. आम्ही पाहिलं तेव्हा तळघरात उघड्या लाकडी पिंपावर साली फुगून वर आल्या होत्या आणि त्या घरची मुलगी लांब दांड्याने त्या पुन्हा खाली दाबत होती. दिवसातून अनेकदा हे करावं लागतं, नाहीतर वरचा थर आंबट होऊन बिघडतो. ग्लासात आलेला रंग कोऱ्या चहाचा होता, आणि जिभेवर येणारा किंचित कोरडेपणाही कोऱ्या चहासारखाच. ही वाइन फ्रिजमधून काढून बर्फगार पिऊ नका, चव मिटते. मुरलेल्या चीजबरोबर घ्या.

चाखायचा क्रम साधा आहे: हलकी पांढरी, मग सालींवरची, मग तांबडी. एका बैठकीत पाच ग्लासांच्या पुढे जीभ ऐकत नाही, आणि दिवसाला दोन घरं पुष्कळ झाली.

दुसऱ्या दिवशी विपावाच्या खोऱ्यात उतरा. बुर्या इथे इतका जोरात वाहतो की जुन्या घरांच्या छपरांवर दगड ठेवलेले दिसतात. झेलेन आणि पिनेला या दोन पांढऱ्या जाती इथल्याच. जेवायला योता मागवा, म्हणजे घेवडा, बटाटा आणि आंबवलेला कोबी यांचं दाट सूप.

उत्तरेला, सोचा नदीच्या खोऱ्यात कोबारिदजवळ आना रोश यांचं हिशा फ्रान्को हे रेस्टॉरंट आहे. २०२३ पासून तिथे तीन मिशलिन तारे आहेत. जागा महिने आधी भरते आणि खर्च मोठा आहे. जमत असेल तर अवश्य जा. नसेल तर त्याच खोऱ्यातलं तोल्मिन्त्स चीज आणि खेड्यातला ताजा पाव घेऊन नदीकाठी बसा.

क्रास आणि पिरान: दोन रात्री

क्रासमध्ये जमिनीवर चुनखडक आणि त्यात तांबडी, लोहयुक्त माती. कोकणातून आलेल्याला ही माती लगेच आपलीशी वाटते. तिच्यात वाढलेल्या रेफोश्क द्राक्षाची वाइन म्हणजे तेरान: जांभळाच्या रसाच्या रंगाची, तशीच जीभ रंगवणारी, आंबट आणि हलकी. एकटी प्यायली तर अनेकांना आवडत नाही. खारवलेल्या पर्शुतच्या पातळ कापाबरोबर घेतली की तिचा आंबटपणा कशासाठी आहे ते कळतं. पर्शुत म्हणजे डुकराची अख्खी मांडी, केवळ मीठ लावून, धूर न देता, वर्षभर वाऱ्यावर सुकवलेली. ओस्मित्सा शोधायची ती इथेच. कुठल्या घरी पाळी चालू आहे ते मुक्कामाच्या यजमानांना विचारा, त्यांना ते तोंडपाठ असतं.

मग समुद्र. पिरानजवळ सेचोव्ल्येच्या मिठागरांना सकाळी जा. आम्ही पेणची माणसं, मिठागर आम्हाला नवं नाही, पण इथलं एक तंत्र आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. वाफ्याच्या तळाशी शेवाळ, जिप्सम आणि खनिजं यांचा काही मिलिमीटर जाडीचा थर मुद्दाम वाढवतात. त्याला पेतोला म्हणतात. तो चिखलाला खाली धरून ठेवतो, त्यामुळे वर जमणारं मीठ पांढरं शुभ्र राहतं. दरवर्षी हा थर जपावा लागतो, म्हणून कामगार त्यावर रुंद लाकडी तळव्याची पादत्राणं घालून चालायचे. आई वाफ्याच्या कडेला बराच वेळ उकिडवी बसून ते बघत राहिली. तिच्या माहेरी मीठ काढायचे तेव्हा पहिला थर मातकटच निघायचा. इथून मीठ विकत घ्या. सातशे वर्षांहून जुनी ही मिठागरं आहेत आणि घरी नेण्यासारखी यापेक्षा चांगली वस्तू या प्रवासात मला सापडली नाही.

झाग्रेब: एक रात्र

ल्युब्ल्यानाहून सावा नदीच्या काठाने आगगाडी सव्वादोन-अडीच तासांत येते. डोलात्स हा १९३० पासूनचा बाजार, लाल छत्र्यांचा. तिथे खेड्यांतून आलेल्या बायका, ज्यांना इथे प्रेमाने कुमित्से म्हणतात, ताजं चीज आणि दाट साय विकतात. ‘सिर इ व्रह्न्ये’ मागा, वर लाल तिखट भुरभुरून देतात. जेवायला भाजलेले श्त्रुक्ली खा. इथे ते सायीत बुडवून भट्टीत घालतात आणि ल्युब्ल्यानातल्यापेक्षा मला तरी सरस वाटतात.

इस्त्रिया: दोन रात्री

मोटोवुन किंवा लिवादेजवळ राहा. मिर्ना नदीकाठच्या जंगलात कुत्रे ट्रफल हुंगून काढतात. १९९९ साली इथेच १.३१ किलोचा पांढरा ट्रफल निघाला आणि जगभर नाव झालं. काळा ट्रफल वर्षभर मिळतो, पांढरा सप्टेंबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत. शोधयात्रेला कुटुंबं घेऊन जातात, आधी ठरवावं लागतं. हॉटेलात ट्रफल मागवताना एवढंच बघा की तो ताजा, तुमच्या समोर किसून घालतायत. उष्णतेने त्याचा वास उडतो, म्हणून तो शेवटी कच्चाच पडायला हवा. बाटलीतलं ट्रफल तेल बहुतेक वेळा कृत्रिम सुवासाचं असतं, ते घेऊ नका.

ट्रफल फूझी या पास्त्यावर येतो, पण प्ल्युकान्त्सीही मागा. मैद्याच्या पिठाचे छोटे तुकडे तळव्यांत वळून दोन्ही टोकांना निमुळते केलेले असतात. आपल्याकडचे गव्हले बोटभर लांब झाले तर असेच दिसतील.

संध्याकाळी गारठा असेल तर इस्त्रियाचं ‘सूप’ सांगा. बुकालेता नावाच्या मातीच्या चंबूत गरम तेरान, साखर, मिरी, ऑलिव्ह तेल आणि त्यात बुडवलेला भाजका पाव. चंबू एकच, तो टेबलाभोवती फिरतो.

पाग: एक रात्र

इस्त्रियातून लांबचा पल्ला, मग प्रिझ्नाहून पंधरा मिनिटांची फेरीबोट. बेट समोर येतं ते जवळजवळ उघड्या खडकाचं. बुरा समुद्राचे तुषार उडवून जमिनीवर पसरवतो, झाडं टिकत नाहीत, उरतात ती खुरटी सुगंधी झुडपं, सेज वगैरे. लहान चणीच्या मेंढ्या तेच खातात आणि दूध जेमतेम देतात. त्या दुधाचं पाश्की सिर हे चीज कडक, खारट आणि वासाला वनस्पतींचं असतं. कोलान गावात तीन वयाचं चीज शेजारी शेजारी ठेवून चाखा, कोवळ्यापासून सुरुवात करून.

स्प्लिट, ह्वार, कोर्चुला: प्रत्येकी एक रात्र

इथे पेका खायची, आणि ती आदल्या दिवशी सांगायची. पहिल्या खेपेला आम्ही भुकेले होऊन ऐनवेळी गेलो आणि कोनोबाच्या, म्हणजे घरगुती खानावळीच्या, मालकीणबाईंनी शांतपणे नकार दिला, कारण पदार्थाला दोन तास लागतात. पसरट भांड्यात बटाटे, कांदा आणि ऑक्टोपस किंवा कोकराचं मांस ठेवून वर लोखंडी घुमटासारखं झाकण ठेवतात आणि त्या झाकणावर निखारे रचतात. रायगडात पोपटी लावणाऱ्याला यातलं मर्म सांगावं लागत नाही: आतल्या वाफेत आपल्याच रसात शिजणं.

मासे किलोच्या भावाने असतात. मासा आधी दाखवायला आणि वजन करून आकडा सांगायला सांगा, तिथे ती रीतच आहे. सोबत ब्लित्वा येते, म्हणजे चार्डची पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल.

स्प्लिटजवळच्या कास्तेला भागाला वाइनच्या इतिहासात मोठी जागा आहे. कॅलिफोर्नियाची झिनफांडेल ही द्राक्षाची जात मूळची कुठली हा वाद जुना होता. २००१ साली इथल्या एका बागेतल्या त्स्रल्येनाक नावाच्या मोजक्या वेलींचा डीएनए तिच्याशी जुळला. ह्वारवर स्तारी ग्रादचं मैदान पाहा. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात ग्रीक वसाहतवाल्यांनी दगडी बांधांनी आखलेली शेतं आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह देतात. कोर्चुलाच्या लुम्बार्दा गावात गर्क नावाची पांढरी वाइन मिळते. या वेलीला फक्त मादीफुलं कामाची येतात, म्हणून मधल्या रांगांत प्लावात्स माली ही तांबड्या वाइनची जात लावावी लागते, तेव्हा फळ धरतं. गर्क फार थोडी होते, बेटाबाहेर क्वचितच दिसते. ती तिथेच प्या.

पेल्येशात्स, स्तोन आणि शेवट

कोर्चुलाहून बोटीने पेल्येशात्स द्वीपकल्पावर ओरेबिचला उतरलात की डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र. दक्षिण उतारावरच्या दिंगाच या तांबड्या वाइनला १९६१ मध्ये क्रोएशियातलं पहिलं भौगोलिक संरक्षण मिळालं. उतार इतका तीव्र की द्राक्षं गाढवांवर लादून डोंगरापार न्यायचे. पुढे शेतकऱ्यांनी पोतोम्येहून बोगदा काढला, आजही गाडी त्यातूनच जाते. वाइन जड, उन्हाची आणि बऱ्यापैकी चढणारी. स्थानिक लोक साध्या तांबड्या वाइनमध्ये पाणी घालून बेवांडा पितात, त्यात काही गैर नाही, पण दिंगाचमध्ये घालू नका.

शेवटची रात्र स्तोनला काढा, दुब्रोव्निकला फक्त विमानासाठी जा. माली स्तोनच्या खाडीत नेरेत्वा नदीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं, तिथले चपटे कालव उघडून लिंबू पिळून देतात. ते सगळ्यात भरलेले असतात मार्चमध्ये, १९ तारखेच्या सेंट जोसेफच्या सणाला, पण शरदातही छान लागतात. स्प्लिटकडून कारने सरळ येणाऱ्यांना २०२२ मध्ये झालेल्या पेल्येशात्स पुलामुळे आता बोस्नियातून जावं लागत नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या भारतीयांसाठी ही मोठी सोय आहे.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण विचारावं लागतं. स्लोव्हेनियात ‘ब्रेज मेसा’, क्रोएशियात ‘बेज मेसा’, दोन्हींचा अर्थ मांसाशिवाय. हे पुरत नाही, कारण चरबी अनेकांच्या हिशेबात मांस नसते. इद्रियाचे झ्लिक्रोफी दिसतात बटाट्याच्या सारणाचे, पण त्यात डुकराची चरबी असते. झ्गान्त्सीवर ओत्स्वीर्की, म्हणजे चरबीचे कुरकुरीत तुकडे, घालतात, ते नको म्हणून सांगा. योतात बहुधा धुरावलेलं मांस असतं. फूझीत अंडं असतं, प्ल्युकान्त्सीत सहसा नसतं. चीजमध्ये बहुधा प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला जठरातून काढलेलं द्रव्य, असतं, ते चालत नसेल तर आधीच ठरवा.

आईला सगळ्यात आवडलं ते स्प्लिटच्या बाजारातलं सोपार्निक. पोल्यित्सा भागातला हा पदार्थ: दोन पातळ पोळ्यांमध्ये कच्चा चिरलेला चार्ड आणि कांदा भरून, चुलीच्या तापलेल्या दगडावर राखेत भाजतात आणि वरून लसूण नि ऑलिव्ह तेल चोळतात. अंडं नाही, चीज नाही, चरबी नाही. बाजारात सकाळी लवकर जा, दहानंतर संपतं.

सामान भरताना लक्षात ठेवा: भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर एखादी छोटी. मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय आणता येत नाहीत, पर्शुत तिथेच संपवा. बाटल्या कपड्यांत गुंडाळून तपासणीच्या सामानात मधोमध ठेवा, आणि पिरानचं मीठ प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, कारण ते ओलसर असतं.